१५४९ : लोकभाषेतील प्रार्थनेविरुद्ध लोकांचेच बंड

१/
१० जून १५४९, सोमवार. इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील डेव्हन परगण्यात सॅम्पफर्ड कोर्टने नावाचे एक खेडे आहे. तेथील वृद्ध धर्मगुरू विल्यम हार्पर उपासनेसाठी चर्चकडे निघाले असता गावकऱ्यांनी त्यांना अडवले. पुढे होते शिंपीकाम करणारा थॉमस अंडरहिल आणि मजुरी करणारा विल्यम सेगर. आज कोणती उपासना करणार, असा त्यांचा प्रश्न होता. नव्या कायद्याने ठरवून दिलेली, असे हार्पर यांनी सांगितले. गावकऱ्यांनी ती साफ नाकारली. अखेर हार्पर यांनी जुनी उपासनावस्त्रे अंगावर चढवली आणि वाडवडिलांपासून चालत आलेली लॅटिन मिस्सा म्हटली.

२/
आदल्याच दिवशी, पेंटेकॉस्टच्या रविवारी, याच चर्चमध्ये नव्या पुस्तकातून पहिल्यांदा उपासना झाली होती. ते पुस्तक होते ‘बुक ऑफ कॉमन प्रेयर’, म्हणजे सर्वांच्या सामाईक प्रार्थनेचे पुस्तक, आणि ते इंग्रजीत होते. धर्म पुरोहितांच्या भाषेतून लोकांच्या भाषेत आला की लोक आनंदाने त्याचे स्वागत करतात, असे आपण गृहीत धरतो. येथे मात्र लोकांनी शस्त्रे उचलली आणि दोन महिन्यांत हजारो माणसे मारली गेली. त्याहून विस्मयाची गोष्ट अशी की, सुमारे शंभर वर्षांनी संसदेने याच पुस्तकावर बंदी घातली, तेव्हा माणसे ते लपूनछपून वाचत राहिली. हे कसे घडले, ते या थ्रेडमध्ये पाहू.

३/
पार्श्वभूमी थोडक्यात. १५३४ साली आठव्या हेन्रीने रोमच्या पोपशी संबंध तोडले आणि इंग्लंडच्या चर्चचे प्रमुखपद राजाकडे घेतले. मठ बरखास्त झाले, त्यांच्या जमिनी राजाकडे आणि पुढे उमराव व धनिकांकडे गेल्या. पण खेड्यातल्या चर्चमधील रविवार फारसा बदलला नाही. इंग्रजी बायबल चर्चमध्ये आले, तरी मिस्सा लॅटिनच राहिली. हेन्रीला पोप नको होता. मिस्सा मात्र हवी होती.

४/
ती लॅटिन बहुसंख्य शेतकऱ्यांना कळत नव्हती, हे खरे. पण त्यांची भक्ती शब्दांच्या अर्थावर उभी नव्हतीच. ती डोळ्यांनी, हातांनी, गुडघ्यांनी करायची होती. फेब्रुवारीत मेणबत्त्यांची मिरवणूक, उपवासकाळाच्या आरंभी कपाळावर राख, ईस्टरपूर्वीच्या रविवारी हातात डहाळ्या, संतांच्या मूर्तींपुढे तेवणारे दिवे, रविवारी वाटली जाणारी पवित्र भाकर, हातातली जपमाळ. गावातल्या तरुणांचे, कुमारिकांचे स्वतंत्र निधी असत आणि त्यांतून हे दिवे तेवत ठेवले जात. मृतांसाठी प्रार्थना होत, त्यामुळे गेलेली माणसेही गावाच्या उपासनेत सामील असत.

५/
या जगाचे एक दुर्मीळ चित्र डेव्हनमधील मोरबाथ या खेड्याच्या चर्चच्या जमाखर्चात उरले आहे. तेहेतीस कुटुंबांचे हे गाव. क्रिस्टोफर ट्रिकी हे धर्मगुरू १५२० ते १५७४ अशी चौपन्न वर्षे तेथे होते आणि हिशेब तेच लिहीत. मृतांसाठीच्या मिस्सेला काळी उपासनावस्त्रे घ्यायची म्हणून त्यांनी सुमारे वीस वर्षे पै-पै साठवली. १५४७ साली ती वस्त्रे गावात आली. नेमक्या त्याच वर्षी ज्या उपासनेसाठी ती घेतली, तिच्यावरच घाला पडायला सुरुवात झाली.

६/
जानेवारी १५४७ मध्ये हेन्री मरण पावला. गादीवर आला नऊ वर्षांचा सहावा एडवर्ड. कारभार त्याचा मामा, ड्यूक ऑफ सॉमरसेट याच्या हाती गेला. आता प्रॉटेस्टंट सुधारणांना मोकळे रान मिळाले. मिरवणुका बंद, मेणबत्त्या बंद, राख आणि डहाळ्या बंद, मूर्ती काढून टाकण्याचे हुकूम. मृतांच्या प्रार्थनांसाठी ठेवलेल्या देणग्या सरकारजमा झाल्या. एप्रिल १५४८ मध्ये कॉर्नवॉलमधील हेल्स्टन गावी मूर्ती हटवण्यासाठी आलेल्या विल्यम बॉडी नावाच्या अधिकाऱ्याला जमावाने ठार मारले. हा इशारा होता; लंडनने तो मनावर घेतला नाही.

७/
नव्या पुस्तकामागे मुख्य हात होता कँटरबरीचे आर्चबिशप थॉमस क्रॅन्मर यांचा. स्वभावाने सावध, अभ्यासू, पुस्तकांत रमणारा हा माणूस. त्यांनी सगळेच नव्याने लिहिले नाही. इंग्लंडमधील जुने लॅटिन विधी, जर्मनीतील ल्यूथरपंथीयांच्या उपासनापद्धती, एका स्पॅनिश कार्डिनलने सुधारलेले प्रार्थनापुस्तक अशी कितीतरी साधने समोर ठेवून त्यांनी निवडले, गाळले, जोडले आणि अनुवादले.

८/
पुस्तकाच्या प्रस्तावनेतली तक्रार आजही पटते. जुन्या विधीचे नियम इतके गुंतागुंतीचे की, आज काय वाचायचे हे शोधण्यातच वाचण्यापेक्षा जास्त कष्ट पडत. धर्मगुरूला मिस्सेसाठी एक ग्रंथ, दैनंदिन प्रार्थनांसाठी दुसरा, मिरवणुकांसाठी तिसरा आणि बारसे-लग्न-अंत्यविधीसाठी चौथा लागे. शिवाय सॉल्झबरी, यॉर्क, हिअरफर्ड, बँगर, लिंकन अशा ठिकठिकाणच्या प्रथा निरनिराळ्या. क्रॅन्मर यांचे उत्तर सरळ होते : साऱ्या राज्याला एकच प्रथा, आणि तीही जवळपास एकाच पुस्तकात.

९/
मठांमध्ये दिवसातून आठ वेळा प्रार्थना होत. क्रॅन्मर यांनी त्या आठांचे सार काढून दोन उपासना घडवल्या, एक सकाळची आणि एक सायंकाळची. बायबलमधील १५० स्तोत्रे महिन्याच्या तीस दिवसांत वाटली, म्हणजे दर महिन्याला संपूर्ण स्तोत्रसंहितेचे एक पारायण. जुना करार वर्षातून एकदा आणि नवा करार, शेवटचे प्रकटीकरण वगळता, वर्षातून तीनदा वाचून व्हावा अशी योजना होती. संन्याशाची दिनचर्या सोपी करून संसारी माणसाच्या हाती देण्याचा हा प्रयत्न होता. अँग्लिकन भक्तिजीवनाचा पाया येथे घातला गेला.

१०/
भाषेकडे क्रॅन्मर यांचे विशेष लक्ष होते. हे पुस्तक डोळ्यांसाठी कमी आणि कानांसाठी अधिक होते, कारण ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना वाचता येत नव्हते. म्हणून वाक्ये तोलून घेतलेली, शब्दांच्या जोड्या लयीत बसवलेल्या. लग्नाच्या शपथा पूर्वीही इंग्रजीतच घेतल्या जात, कारण वधूवरांना त्या कळणे आवश्यक होते. क्रॅन्मर यांनी विवाहाच्या हेतूंमध्ये परस्परांची सोबत, साहाय्य आणि दिलासा यांची भर घातली. ब्रह्मचर्याची सक्ती असलेल्या काळात गुपचूप लग्न करून संसार केलेल्या आर्चबिशपची ही भर आहे, हे ध्यानात घेण्याजोगे.

११/
पुस्तक कितीही सुंदर असले, तरी ते आले कायद्याच्या दंडुक्यासह. जानेवारी १५४९ मध्ये संसदेने एकरूपतेचा कायदा संमत केला. हे पुस्तक न वापरणाऱ्या धर्मगुरूला पहिल्या गुन्ह्यासाठी एका वर्षाचे उत्पन्न जप्त आणि सहा महिने कैद, दुसऱ्यासाठी पदच्युती आणि एक वर्ष कैद, तिसऱ्यासाठी जन्मठेप. अंमल ९ जूनपासून. त्यातच मेंढ्यांवर आणि कापडावर नवा कर बसला होता, महागाई वाढत होती. सॅम्पफर्ड कोर्टनेच्या गावकऱ्यांनी हार्पर यांना अडवले ते या वातावरणात.

१२/
बातमी गावोगाव पसरली. समजूत काढायला आलेले स्थानिक जमीनदार निष्फळ परतले. विल्यम हेलियन्स नावाच्या एका प्रतिष्ठित गृहस्थाने गावकऱ्यांना खडे बोल सुनावले, तेव्हा चर्चच्या सभागृहाच्या पायऱ्यांवर त्याच्यावर कोयत्याचा वार झाला आणि जमावाने त्याचा जीव घेतला. बंडखोर क्रेडिटन गावी जमले. त्यांना पांगवण्यासाठी आलेल्या सरदारांच्या माणसांनी तेथील धान्याची कोठारे पेटवली. सरकार गावे जाळायला निघाले आहे, अशी हूल उठली आणि उरलेसुरले कुंपणावरचे लोकही बंडात सामील झाले.

१३/
या दिवसांतला एक प्रसंग एक्सेटरचा इतिहासकार जॉन हूकर याने नोंदवला आहे. पुढे प्रसिद्धीस आलेल्या सर वॉल्टर रॅले यांचे वडील घोड्यावरून क्लिस्ट सेंट मेरीकडे जात असता त्यांना चर्चला निघालेली एक वृद्धा दिसली. तिच्या हातात जपमाळ होती. आता असल्या गोष्टींना बंदी आहे, कायदा पाळा, नाहीतर शिक्षा होईल, असे त्यांनी तिला बजावले. ती थेट चर्चमध्ये गेली आणि माळ टाकली नाही तर घरे जाळणार आहेत, असे तिने भरल्या चर्चमध्ये सांगितले. गाव खवळले, रॅले कसेबसे वाचले. राज्याच्या दृष्टीने ती जपमाळ अंधश्रद्धा होती. त्या वृद्धेच्या बोटांना मात्र तिची आयुष्यभराची सवय होती.

१४/
डेव्हनच्या पश्चिमेला समुद्रात घुसलेला कॉर्नवॉल परगणा आहे. तेथे प्रश्न आणखी निराळा होता. पश्चिम कॉर्नवॉलमध्ये लोक कॉर्निश बोलत. ही केल्टिक कुळातली, वेल्श आणि ब्रेटन भाषांची बहीण. इंग्रजीशी तिचे फार दूरचे नाते. पेन्रिन येथील ग्लॅस्नी कॉलेज हे धार्मिक विद्यापीठ कॉर्निश भाषेतील धर्मनाट्यांचे केंद्र होते. तेही १५४८ मध्ये बंद करण्यात आले. कॉर्निश बंडखोर बॉडमिन गावी जमले आणि हम्फ्री अरंडेल या जमीनदाराच्या नेतृत्वाखाली डेव्हनच्या बंडखोरांना येऊन मिळाले.

१५/
त्यांनी सरकारकडे मागण्यांची यादी पाठवली. लॅटिन मिस्सा परत द्या, मूर्ती परत द्या, राख-डहाळ्या-पवित्र भाकर परत द्या, मृतांसाठी प्रार्थना होऊ द्या, मठांच्या बळकावलेल्या जमिनींपैकी अर्ध्या परत करा. इंग्रजी बायबलही मागे घ्या, असेही त्यात होते. नवी उपासना त्यांना नाताळातल्या सोंगाच्या खेळासारखी वाटत होती. आणि एका कलमात कॉर्नवॉलच्या लोकांनी स्पष्ट म्हटले की, आमच्यापैकी काहींना इंग्रजी येतच नाही, म्हणून ही नवी इंग्रजी आम्ही नाकारतो.

१६/
क्रॅन्मर यांनी या मागण्यांना सविस्तर आणि तिखट उत्तर लिहिले. न कळणारे शब्द बोलणाऱ्या पोपटांसारखे राहणे तुम्हांला आवडते काय, असा त्यांचा सवाल होता. इंग्रजी न येणारे कॉर्निश काही असतील, पण लॅटिन न येणारे त्याहून कितीतरी अधिक, हेही तर्काला धरूनच होते. पण या उत्तरात एक गोष्ट निसटली. लॅटिन कोणाच्याच घरची नव्हती, त्यामुळे ती लंडनकराला आणि कॉर्निश कोळ्याला सारखीच परकी होती. इंग्रजी मात्र राज्यकर्त्यांच्या घरची होती. आणि पोपटपंची थांबवण्यासाठी कॉर्निशमध्ये अनुवाद करावा, असे उत्तर लंडनमधून कोणी दिले नाही.

१७/
मात्र साऱ्या इंग्लंडने पुस्तक नाकारले, असे समजणे चूक ठरेल. त्याच उन्हाळ्यात पूर्वेकडील नॉरफोकमध्ये रॉबर्ट केटच्या नेतृत्वाखाली दुसरे मोठे बंड झाले. सामाईक कुरणांना कुंपणे घालणाऱ्या जमीनदारांविरुद्ध ते होते. नॉरिच शहराबाहेरच्या त्या बंडखोरांच्या छावणीत दररोज प्रार्थना होत, आणि त्या नव्या इंग्रजी पुस्तकातून! म्हणजे एकाच वर्षी एका टोकाला हे पुस्तक बंडाचे कारण होते आणि दुसऱ्या टोकाला बंडखोरांच्याच हातात होते. लंडनशी व्यापाराने आणि विचारांनी जोडलेला पूर्व किनारा आणि दूरचा पश्चिम, यांच्यातले अंतर मैलांपेक्षा मोठे होते.

१८/
२ जुलैला पश्चिमेच्या बंडखोरांनी एक्सेटर शहराला वेढा घातला. ख्रिस्ताच्या पाच जखमांचे चिन्ह असलेला ध्वज आणि छत्राखाली मिरवत आणलेला पवित्र संस्कार घेऊन ते आले होते. शहरातल्या अनेकांचा ओढा जुन्या धर्माकडे होता, तरी शहराने राजनिष्ठा सोडली नाही. पाच आठवड्यांत अन्न संपत आले, कोंड्याच्या भाकरी आणि घोड्याचे मांस खाण्याची वेळ आली. बंडखोरांच्या एका गोलंदाजाने तापवलेले गोळे टाकून शहर पेटवून देण्याची तयारी केली, तेव्हा त्याला रोखले तटाबाहेरच्या सेंट थॉमस चर्चच्या धर्मगुरूने, रॉबर्ट वेल्श याने. तो स्वतः बंडखोरांच्याच बाजूचा होता.

१९/
सरकारी सेनापती लॉर्ड रसेलच्या मदतीला जर्मन आणि इटालियन भाडोत्री सैनिक आले. त्यांच्या बंदुकांपुढे धनुष्ये, कोयते आणि भाले फार काळ टिकणार नव्हते. ५ ऑगस्टला क्लिस्ट सेंट मेरी हे गाव जाळून काबीज करण्यात आले. त्यानंतर क्लिस्ट हीथच्या माळावर, पकडलेल्या शेकडो कैद्यांचे हातपाय बांधून गळे चिरण्यात आले. नंतरच्या इतिहासलेखनात हा आकडा ९०० असा येतो. ६ ऑगस्टला एक्सेटरचा वेढा उठला. शेवटची मोठी लढाई झाली ती बंड जेथे सुरू झाले, त्या सॅम्पफर्ड कोर्टनेलाच.

२०/
एक्सेटर शहर वाचवणाऱ्या रॉबर्ट वेल्शला त्याच्याच चर्चच्या मनोऱ्यावरून साखळ्यांनी टांगण्यात आले. अंगावर जुनी उपासनावस्त्रे, भोवती पवित्र पाण्याचे भांडे, घंटा आणि जपमाळ अडकवलेली. हूकर हा प्रॉटेस्टंट होता, तरी वेल्शच्या धैर्याची आणि शहरावरील उपकाराची नोंद त्याने प्रामाणिकपणे केली आहे. अरंडेलला जानेवारी १५५० मध्ये लंडनला टायबर्न येथे मृत्युदंड मिळाला. मोरबाथच्या हिशेबात त्या वर्षी एक्सेटरजवळच्या छावणीकडे गेलेल्या पाच तरुणांच्या खर्चाची नोंद आहे. ते बंडखोरांना मिळण्यासाठी गेले होते आणि त्यांचा खर्च गावाने उचलला होता, असे इतिहासकार एमन डफी यांनी दाखवून दिले.

२१/
यानंतर चक्रे वेगाने फिरली. १५५२ मध्ये पुस्तकाची दुसरी, अधिक कडक प्रॉटेस्टंट आवृत्ती निघाली. १५५३ मध्ये एडवर्ड वारला आणि कॅथलिक मेरी राणी झाली. लॅटिन मिस्सा परतली. क्रॅन्मर कैदेत गेले. जिवाच्या भीतीने त्यांनी आपली मते मागे घेणाऱ्या कागदांवर सह्या केल्या, पण २१ मार्च १५५६ रोजी ऑक्सफर्डला चितेपुढे उभे केल्यावर त्या सह्या नाकारल्या आणि सही करणारा उजवा हात आधी ज्वाळेत धरला. १५५८ मध्ये एलिझाबेथ आली, १५५९ मध्ये पुस्तकही परत आले. एका मध्यमवयीन शेतकऱ्याने बारा वर्षांत एकाच चर्चमध्ये चार प्रकारच्या उपासना पाहिल्या.

२२/
एलिझाबेथचे राज्य सुमारे चव्वेचाळीस वर्षे टिकले आणि या काळात पुस्तकाचे नशीब पालटले. चर्चला न जाणाऱ्यास १२ पेन्स दंड होता, हे खरे. पण केवळ दंडाने भक्ती निर्माण होत नाही. तीच स्तोत्रे दर महिन्याला आणि त्याच प्रार्थना दर रविवारी कानांवर पडत गेल्या. बारसे, लग्न, बाळंतपणानंतरची कृतज्ञता, अंत्यविधी सारे त्याच शब्दांत होऊ लागले. ज्या पिढीने आईबापांना त्या शब्दांनी मातीत ठेवले, तिला ते शब्द परके राहिले नाहीत. मोरबाथचे ट्रिकी यांनी एकेक जुनी वस्तू गमावली, पण गाव सोडले नाही. आयुष्याच्या अखेरीस ते याच इंग्रजी पुस्तकातून उपासना करत होते.

२३/
पण ही सवय ज्यांच्या भाषेत लागू शकली नाही, त्यांचे काय? १५६३ मध्ये संसदेने बायबल आणि प्रार्थनापुस्तक वेल्श भाषेत करण्याचा कायदा केला. १५६७ मध्ये वेल्श प्रार्थनापुस्तक आणि १५८८ मध्ये संपूर्ण वेल्श बायबल आले. वेल्श भाषा टिकण्यामागे या ग्रंथांचा वाटा मोठा मानला जातो. आयर्लंडमध्ये तर इंग्रजी न येणाऱ्या धर्मगुरूला लॅटिन वापरण्याची मुभा १५६० च्या कायद्यानेच दिली. कॉर्निशला यांपैकी काहीच मिळाले नाही. चर्चमध्ये इंग्रजी शिरली आणि भाषा एकेका गावातून मागे हटत गेली. १७७७ मध्ये माउझहोल गावची डॉली पेंट्रीथ वारली, तेव्हा कॉर्निश मातृभाषा असलेली शेवटची व्यक्ती गेली, अशी समजूत रूढ झाली.

२४/
या वादळाचा एक धागा थेट मराठीपर्यंत येतो. १५४९ च्याच सुमारास, डेव्हनपासून फार लांब नसलेल्या विल्टशर परगण्यात एक मूल जन्मले : थॉमस स्टीफन्स. एलिझाबेथच्या इंग्लंडमध्ये कॅथलिक म्हणून जगणे कठीण झाल्यावर तो रोमला जाऊन जेझुइट झाला आणि १५७९ मध्ये गोव्याला पोहोचला. तेच आपले फादर स्टीफन्स. पोर्तुगीज सत्तेने साष्टीतील देवळे पाडली होती, पुराणकीर्तने बंद केली होती; नवख्रिस्ती समाजाला गाण्यासाठी, ऐकण्यासाठी आपल्या भाषेत काहीच उरले नव्हते. स्टीफन्स यांनी त्यांच्यासाठी ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. लोकभाषेतल्या प्रार्थनापुस्तकाच्या राज्यातून बाहेर पडलेल्या कॅथलिकाने लोकभाषेतच पुराण लिहावे, हा इतिहासाचा विलक्षण योग होय.

२५/
इंग्लंडमध्ये सतराव्या शतकात पुस्तकावर दुसऱ्या दिशेने हल्ला झाला. कट्टर प्रॉटेस्टंटांना, म्हणजे प्युरिटनांना, ते पुरेसे शुद्ध वाटत नव्हते. ठरलेल्या प्रार्थना, ठरलेले सण, गुडघे टेकणे ही सारी त्यांना जुन्या धर्माची खरकटी वाटत. १६३७ मध्ये स्कॉटलंडवर असेच पुस्तक लादताना एडिनबरोच्या सेंट जाइल्स चर्चमध्ये दंगल उसळली. यादवी युद्ध पेटले आणि १६४५ मध्ये संसदेने प्रार्थनापुस्तकावरच बंदी घातली. ते वापरल्यास पहिल्यांदा ५ पौंड, दुसऱ्यांदा १० पौंड दंड आणि तिसऱ्यांदा वर्षभर कैद. १५४९ च्या कायद्याची जणू उलटी प्रत.

२६/
आणि आता लोकांनी ते पुस्तक लपवायला सुरुवात केली. काही धर्मगुरूंनी प्रार्थना पाठ केल्या आणि पुस्तक न उघडता म्हटल्या. घराघरांत गुपचूप बारशी आणि लग्ने जुन्या शब्दांत होत राहिली. २५ डिसेंबर १६५७ रोजी लंडनच्या एक्सेटर हाउसमधील प्रार्थनागृहात नाताळची उपासना चालू असताना सैनिकांनी वेढा घातला. पवित्र भाकर घ्यायला पुढे जाणाऱ्यांवर बंदुका रोखल्या गेल्या. दैनंदिनीकार जॉन एव्हलिन त्यांत होता. बंदी असलेल्या प्रार्थनांना का आलास, ही तर इंग्रजीतली मिस्साच आहे, असे त्याला अधिकाऱ्यांनी सुनावल्याची नोंद त्याने केली आहे.

२७/
१५४९ च्या शेतकऱ्यांना या पुस्तकात त्यांची मिस्सा सापडली नव्हती, म्हणून ते लढले. १६५७ च्या अधिकाऱ्यांना त्यात तीच मिस्सा दिसत होती, म्हणून ते धाड घालत होते. मधल्या काळात पुस्तकाचे शब्द थोडेफारच बदलले होते. बदलले होते ते त्या शब्दांशी असलेले माणसांचे नाते. चार पिढ्यांनी ते शब्द वापरून आपलेसे केले होते. क्रॅन्मर यांनी ज्या वृद्धेची माळ काढून घेतली, तिच्या पणतीच्या ओठांवर आता त्यांच्या प्रार्थना होत्या, आणि नव्या सुधारकांच्या लेखी तीही एक अंधश्रद्धाच होती.

२८/
१६६० मध्ये राजेशाही परतली आणि १६६२ मध्ये सुधारित पुस्तक पुन्हा कायद्याने लागू झाले. ते न स्वीकारणाऱ्या सुमारे दोन हजार धर्मोपदेशकांना पदे सोडावी लागली. म्हणजे सक्तीचा धडा याही खेपेस कोणी घेतला नाही. १६६२ चे हे पुस्तक चर्च ऑफ इंग्लंडचे अधिकृत प्रार्थनापुस्तक म्हणून आजही कायम आहे. तेथील कॅथीड्रलांमध्ये सायंकाळी गायली जाणारी ‘ईव्हनसाँग’ ही क्रॅन्मर यांनी जुळवलेलीच उपासना. बीबीसी १९२६ पासून ती नभोवाणीवरून प्रसारित करत आली आहे, आणि तिच्या श्रोत्यांत चर्चला न जाणारेही पुष्कळ असतात.

२९/
कॉर्निश भाषेचे विसाव्या शतकात पुनरुज्जीवन सुरू झाले. आज ती शिकणारे, बोलणारे लोक पुन्हा आहेत. २००७ मध्ये कॉर्नवॉलच्या ट्रुरो येथील अँग्लिकन बिशपनी १५४९ चे दमन ही फार मोठी चूक होती आणि चर्चला तिची लाज वाटायला हवी, असे जाहीरपणे म्हटले. ४५८ वर्षांनी आलेली ही कबुली.

३०/
या घटनेकडे सुधारक विरुद्ध अडाणी, किंवा श्रद्धाळू विरुद्ध धर्मबुडवे, अशा एकाच चष्म्यातून पाहता येत नाही. प्रार्थना कळली पाहिजे, हे क्रॅन्मर यांचे म्हणणे योग्यच होते. पण ती कोणाच्या भाषेत कळावी, हे त्यांच्या सरकारने एकट्याने ठरवले आणि न ऐकणाऱ्यांवर बंदुका चालवल्या. पुस्तक लोकांचे झाले ते त्या बंदुकांमुळे नव्हे, तर नंतरच्या शंभर वर्षांतल्या बारशांमुळे आणि अंत्यविधींमुळे. सेंट थॉमसच्या मनोऱ्यावर टांगलेल्या धर्मगुरूला आणि कॉर्नवॉलमधील कोळ्यांना ती शंभर वर्षे मिळाली नाहीत.

(थ्रेड समाप्त)